टेलर स्विफ्ट एका रात्रीत घडली नाही

यवतमाळ-वर्ध्याकडच्या कॉलेज ग्रुपांवर अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टच्या फोटोसह एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘अमेरिकेतल्या खेड्यातली शेतकऱ्याची गरीब पोरगी. एक गाणं नेटवर टाकलं, रातोरात स्टार झाली. पोरांनो, डिग्री सोडा, गावठी बोली सोडा, कंपनी देईल त्या कागदावर सही करा, संधी दारात पुन्हा येत नाही.’ आमच्याकडची गळ्यात सूर असलेली पोट्टी हे मनावर घेतात, म्हणून एकेका मुद्द्याचं उत्तर देतो.

आधी ‘गरीब शेतकरी’. टेलरचा जन्म १९८९ चा, पेनसिल्व्हेनियातला. घरचं ख्रिसमसच्या झाडांचं शेत होतं हे खरं, पण वडील शेअर ब्रोकर होते. पोरगी चौदाची झाली तेव्हा तिच्या गाण्यासाठी अख्खं घर टेनेसीत, नॅशव्हिल या संगीताच्या शहराजवळ राहायला गेलं. सोयाबीनचा भाव पडला की पोरांची फी थकते, अशा घराला हे जमत नाही. तिची मेहनत याने कमी होत नाही. पण तिचं नाव घेऊन आपल्या पोरीला ‘तिला जमलं, तुला का नाही?’ विचारणं मला अन्यायाचं वाटतं.

‘रातोरात’ तर धादांत खोटं. अकरा वर्षांची असताना ती डेमो, म्हणजे नमुन्याची ध्वनिमुद्रणं, घेऊन नॅशव्हिलच्या संगीत कंपन्यांची दारं वाजवत फिरली आणि रिकाम्या हाताने परतली. पुढे एका मोठ्या कंपनीने करार केला, पण अल्बम काढायची घाई त्यांना नव्हती, म्हणून तो तिने सोडला. मग शाळा सुटल्यावर, दर आठवड्याला, लिझ रोझ या अनुभवी गीतकार बाईंसोबत बसून गाणी लिहिणं. पहिला अल्बम २००६ चा, तोही कंट्री संगीताचा, म्हणजे अमेरिकेच्या गावाकडच्या लोकसंगीतातून आलेल्या प्रकारचा. संपूर्ण पॉप म्हणावा असा अल्बम आला थेट २०१४ मध्ये. मधल्या २०१० च्या अल्बमची गाणी तिने एकटीने लिहिली, कुणा सहगीतकाराशिवाय. मेसेजमध्ये या लिहिण्याचा एक शब्द नाही, आणि माझ्या मते सगळं करिअर त्यावरच उभं आहे.

‘गावठी बोली सोडा’ याला फार उत्तर लागत नाही. टेलरच्या सुरुवातीच्या गाण्यांत तिच्या शाळेतल्या पोरांची खरी नावं आहेत. आपल्याकडे तुकडोजी महाराजांनी स्वतः लिहिलं, स्वतः खंजिरीवर गायलं. मराठीत, हिंदीतही, आणि ऐकणारा गावातला माणूस डोळ्यांपुढे ठेवून. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या रंगभूमीवर आजही हंगामात रात्र-रात्र समोरच्या गर्दीसाठी गातात. तसा सराव रीलवर होत नाही.

सगळ्यात घातक मुद्दा सहीचा. पहिल्या सहा अल्बमांच्या मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी करारानुसार टेलरच्या कंपनीकडे होती. २०१९ मध्ये कंपनी विकली गेली, त्याबरोबर ती मुद्रणंही. शब्द आणि चाल तिची होती, म्हणून २०२१ पासून जुने अल्बम पुन्हा गाऊन काढता आले. मूळ मुद्रणं तिने विकत घेतली ती २०२५ मध्ये. एवढ्या मोठ्या गायिकेला सहा वर्षं लागली. आपल्या पोट्ट्यांपुढे थोड्या रोख पैशांसोबत ‘सर्व हक्क’ लिहिलेला कागद येतो तेव्हा त्यांच्या हाताशी वकील नसतो.

भारतीय कायदा इथे बराचसा गीतकाराच्या बाजूने आहे. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर शब्द आणि चाल रचणाऱ्याचा रॉयल्टीतला, म्हणजे गाणं वापरल्याबद्दल मिळणाऱ्या पैशातला, समान वाटा कंपनीला लिहून देताच येत नाही. हक्क द्यायचे तर लेखी करार लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणून कागदावर ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ छापलेलं दिसलं तर सही न करता तो तालुक्याच्या कोर्टातल्या एखाद्या वकिलाला आधी वाचायला द्या.