"केक विकून चिल्लर गोळा करणं ही काय बातमी?" या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुमची कमेंट मोठी आहे आणि मनापासून लिहिलेली आहे, म्हणून खाली चार ओळींत उत्तर देण्यापेक्षा वेगळी पोस्टच टाकतेय. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागच्या पोस्टमध्ये मी इथल्या, म्हणजे स्कॉटलंडमधल्या पर्थशायरच्या, कॉम्री गावाच्या ३१ डिसेंबरच्या मशालींच्या मिरवणुकीबद्दल आणि आमच्या गावच्या हॉलमधल्या कॉफी मॉर्निंगबद्दल (घरचे केक विकून गावच्या कामासाठी पैसे जमवायचे, तो कार्यक्रम) लिहिलं होतं. त्यावर काका म्हणतात की चार म्हाताऱ्यांनी केक विकून चिल्लर गोळा केली ही काय बातमी झाली, तिथलं सरकार श्रीमंत आहे म्हणून असले टाइमपास परवडतात, आमच्याकडं एकेका गणपती मंडळाचं बजेट तुमच्या त्या गावापेक्षा मोठं असतं, आणि परदेशात गेलं की आपल्या लोकांना गोऱ्यांच्या जत्रेचंसुद्धा कौतुक वाटायला लागतं. काका सातारा जिल्ह्यात ग्रामसेवक म्हणून रिटायर झालेत असंही त्यांनी लिहिलंय. म्हणजे गाव कसं चालतं हे त्यांनी आयुष्यभर आतून बघितलंय, आणि म्हणूनच मला त्यांच्याशी नीट बोलायचंय.

आधी सरकारचं बघू. काका, इथे ग्रामपंचायत नाहीच. १९९६ पासून आख्ख्या स्कॉटलंडचा कारभार ३२ कौन्सिलांमध्ये वाटलेला आहे, आणि कॉम्री ज्या पर्थ अँड किनरॉस कौन्सिलमध्ये येतं तिचं क्षेत्रफळ साधारण आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याएवढं आहे. त्याच्या खाली गावपातळीवर कम्युनिटी कौन्सिल असते, पण तिला घरपट्टी लावता येत नाही, वित्त आयोगाचा निधी थेट तिच्या खात्यात येत नाही, सरपंच नाही, सदस्यांना मानधन नाही. कोणी बांधकामाचा अर्ज केला तर गावाचं मत कळवायचं, रस्ता खचला तर वर कळवत राहायचं, बस बंद होणार असेल तर पत्रावर पत्रं लिहायची, एवढंच काम. तुमच्या दप्तरात नमुना नंबर ८, म्हणजे घरपट्टी आकारणीची नोंदवही होती, घरपट्टीची पावती फाडता येत होती, इथल्या गावाच्या हातात तेवढंही नाही. त्यामुळे "सरकार करतंय, लोक केक खातायत" असं जे चित्र तुमच्या मनात आहे ते इथल्या गावांना लागू होत नाही. आमच्या हॉलचं छत गळायला लागलं की पैसे गावानंच उभे करायचे, कारण हॉल गावच्या लोकांच्या कमिटीचा आहे आणि ती कमिटी म्हणजे एक नोंदणीकृत चॅरिटी आहे.

आता ती चिल्लर. शनिवारी दहा ते बारा हॉल उघडा असतो. दाराशी एक घडीचं टेबल, त्यावर पत्र्याची कॅशबॉक्स, सुट्टे आधीच मोजून ठेवलेले. आत स्कोन, शॉर्टब्रेड, लेमन केक, घरी केलेला जॅम, एका कोपऱ्यात रॅफलची, म्हणजे सोडतीची तिकिटं. बेकिंगचं टेबल पहिल्या अर्ध्या तासात रिकामं होतं म्हणून लोक वेळेच्या आधीच येऊन उभे राहतात. हे सगळं मी मागे लिहिलंच होतं, पण एक गोष्ट तेव्हा राहिली आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बाराला दार लागलं की दोघीजणी किचनच्या ओट्यावर पैसे ओततात, दोघी आपापलं वेगवेगळं मोजतात, दोघींचा आकडा जुळला की एका कागदावर लिहून दोघी सही करतात, आणि त्याच संध्याकाळी किती जमले आणि कशासाठी जमले हे गावाला कळवलं जातं, नोटीस बोर्डावर पण आणि फेसबुकवर पण. पोस्टरच्या तळाशी चॅरिटी नंबर छापलेला असतो, आणि स्कॉटलंडमधल्या प्रत्येक चॅरिटीला, मग ती कितीही छोटी असो, दरवर्षी ओस्कर या चॅरिटी नियामकाला हिशोब द्यावा लागतो. रक्कम लहान असते हे खरंच आहे. पण वर्षानुवर्षं हे असं केल्यामुळे गावात कोण पैसे सांभाळू शकतं, कोण मीटिंग चालवू शकतं, कोण नुसतं बोलतं आणि कोण खरंच खुर्च्या उचलायला येतं हे सगळ्या गावाला पाठ झालेलं असतं. माझ्या मते खरी जमा ही आहे.

ती कुठं उपयोगी पडते ते कॉम्रीचंच बघा. जेमतेम दोनेक हजार वस्तीचं गाव. गावाबाहेर कल्टीब्रॅगन नावाचा लष्करी कॅम्प आहे, दुसऱ्या महायुद्धात १९४१ मध्ये बांधलेला, अर्धगोल पत्र्याच्या बराकींच्या रांगाच्या रांगा, त्यात जर्मन युद्धकैदी ठेवायचे, आणि साधेसुधे नाहीत तर कट्टर नाझी म्हणून वेगळे काढलेलेही. पुढे सैन्याला त्याची गरज उरली नाही आणि तो विकायला निघाला. स्कॉटलंडमध्ये २००३ चा जमीन सुधारणा कायदा आहे, त्यात गावानं आधी रीतसर नोंदणी केली असेल आणि मतदानात पाठिंबा मिळवला असेल तर विक्रीला निघालेली जमीन घ्यायचा पहिला हक्क गावाला मिळतो. कॉम्रीच्या लोकांनी डेव्हलपमेंट ट्रस्ट काढला आणि २००७ मध्ये संरक्षण खात्याकडून तो आख्खा कॅम्प साडेतीन लाख पौंडांना विकत घेतला. आता तिथल्या काही बराकींमध्ये छोटे व्यवसाय भाड्यानं आहेत, काहींमध्ये पर्यटक राहतात, लोकांना भाजीपाला लावायला वाफे दिलेत. काका, साडेतीन लाख पौंडांच्या व्यवहारावर एवढंसं गाव सही करतं तेव्हा त्या सहीमागे एकमेकांचा अनुभव लागतो, आणि तो कुठल्याही सरकारी योजनेत मिळत नाही.

याच कॅम्पमध्ये हाइनरिश श्टाइनमायर नावाचा एक कैदी होता, वाफेन एसएसचा, म्हणजे नाझींच्या खास लढाऊ दलाचा सैनिक. गावातल्या शाळकरी पोरांनी त्याला गुपचूप कुंपणाबाहेर काढून आयुष्यातला पहिला सिनेमा दाखवला असं सांगतात. तो २०१४ मध्ये गेला आणि मृत्युपत्रात आपली सगळी मिळकत, म्हणजे तीन लाख चौऱ्याऐंशी हजार पौंड, कॉम्रीतल्या वृद्ध लोकांसाठी ठेवून गेला. शत्रूच्या गावानं आपल्याला माणसासारखं वागवलं म्हणून. ही बातमी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला रडू आलं होतं आणि अजूनही कोणाला सांगताना आवाज कापतो. हे पैसे घ्यायला, सांभाळायला आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून खर्च करायला गावाचा स्वतःचा ट्रस्ट तयार होता.

जमिनीचा विषय निघालाच आहे तर तुमच्या जवळचं एक सांगते. आपल्याकडे कूळकायद्यानं १ एप्रिल १९५७ ला कसणारी कुळं जमिनीची मालक झाली. स्कॉटलंडमध्ये जमिनीवरची सरंजामी पद्धत कायद्यानं संपायला २८ नोव्हेंबर २००४ उजाडलं! आणि आजही ग्रामीण भागातल्या खासगी जमिनीपैकी निम्मी जमीन पाचशेहून कमी मालकांच्या हातात आहे. त्यामुळे इथल्या गावानं एखादा माळ, एखादी बराक, एखादं दुकान विकत घेणं ही फार मोठी गोष्ट आहे, गोऱ्यांची म्हणून नाही, ज्यांच्याकडे पिढ्यानपिढ्या जमीन नव्हती अशा माणसांची म्हणून. १९९७ मध्ये स्कॉटलंडच्याच एग नावाच्या बेटावरच्या साठेक लोकांनी आपलं बेटच मालकाकडून सोडवून घेतलं आणि २००८ पासून पाणी, वारा आणि ऊन यांच्यावर स्वतःची वीज चालवतायत, एका घरानं एका वेळी पाच किलोवॅटच्या वर ओढायची नाही असा नियम सगळ्यांनी मिळून केला. असल्या नियमावर कोणी भांडत नसेल असं नाही, पण भांडण मिटवायला सगळे एकाच हॉलमध्ये येतात.

तुम्ही साताऱ्याचे, म्हणजे ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप तुमच्या घरात नक्की बोलला गेला असणार. कॉम्री पण भूकंपाचं गाव आहे, हायलँडच्या मोठ्या भ्रंशरेषेवर बसलेलं. १८३९ मध्ये इथं धक्क्यांवर धक्के बसायला लागले तेव्हा गावातला पोस्टमास्तर आणि गावातला चांभार या दोघांनी मिळून प्रत्येक धक्क्याची नोंद ठेवायला सुरुवात केली, कोणी सांगितलं नव्हतं, पगार नव्हता. पुढे १८७४ मध्ये तिथं भूकंपमापनासाठी एक छोटंसं दगडी घर बांधलं, ते अजून शेतात उभं आहे. तुमच्या भाषेत हा टाइमपासच, पण भूकंपशास्त्राच्या इतिहासात या दोघांचं काम नोंदलं गेलंय.

गणपती मंडळांबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला पटतं, अभिमानही आहे, मी स्वतः मंडळाच्या मांडवात वाढले. पण मशाली कमी प्रतीच्या ठरवायला बजेटचं माप लावू नका. बर्चच्या लांब जाड ओंडक्यांना गोणपाट गुंडाळून बांधायचं, रॉकेलमध्ये भिजत ठेवायचं, मध्यरात्री बाराला पेटवून खांद्यावर घ्यायचं आणि बॅगपाइपवाल्यांच्या बरोबर आख्ख्या गावाला फेरी मारायची, मागे सोंगं घेतलेली पोरंबाळं, आणि शेवटी डॅलगिनरॉसच्या पुलावरून जळत्या मशाली अर्न नदीत टाकायच्या. जुन्या वर्षाची इडापिडा जावी म्हणून. यात कुठं डीजे नाही, फ्लेक्सवर कोणाचा फोटो नाही, आणि तो पेटता ओंडका खांद्यावर पेलायला दणकट माणूस लागतो, त्यामुळे "चार म्हातारे" हे तर अजिबातच खरं नाही.

हां, आठवडाभराच्या कमिट्यांमध्ये पांढरे केस जास्त दिसतात हे मान्य. त्याचं कारण घरं. सुट्टीपुरती उघडणारी घरं वाढली की तरुण जोडप्यांना गावात घर परवडत नाही, मग शाळेत मुलं कमी, मग बस कमी. एप्रिल २०२४ पासून कौन्सिलांना अशा दुसऱ्या घरांवर दुप्पट कर लावायची मुभा मिळालीय, त्यानं किती फरक पडेल ते बघू, पण ही काळजी इथं प्रत्येक चहाच्या टेबलावर असते आणि मलाही आहे.

एक विनंती. तुमच्या नोकरीच्या काळात ग्रामसभेचा कोरम कसा भरायचा, लोक कधी आपणहून यायचे आणि कधी बोलावूनही यायचे नाहीत, हे तुम्ही सविस्तर लिहून पाठवाल का? इथं कम्युनिटी कौन्सिलच्या मीटिंगला पण हाच प्रश्न आहे. तुम्ही लिहिलंत तर मी ते तुमच्या नावानं इथंच वेगळी पोस्ट म्हणून टाकेन.