ओटा फोडण्याआधी ०.२१ हा आकडा समजून घ्या

सोलापुरातल्या बऱ्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक व्हिडिओ फिरतोय. ग्रॅनाइटच्या ओट्यावर किरणोत्सर्ग मोजणारा छोटासा मीटर, त्यावर आकडा ०.२१ मायक्रोसिव्हर्ट प्रति तास (सिव्हर्ट हे शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचं एकक; हजार मायक्रोसिव्हर्ट म्हणजे एक मिलिसिव्हर्ट). खाली मजकूर असा: वर्षाचे १.८४ मिलिसिव्हर्ट होतात, सुरक्षित मर्यादा १ आहे, म्हणजे आपण जवळजवळ दुप्पट किरणोत्सर्गात राहतोय. दोष ग्रॅनाइटचा आणि मोबाइल टॉवरचा. यातून कॅन्सर ठरलेला. उपाय म्हणून ‘निगेटिव्ह आयन’चं पेंडंट गळ्यात घाला. आमच्या शेजारच्या मावशींनी हे वाचून ओटा फोडायला गवंडी सांगितला होता. मी भौतिकशास्त्र शिकवतो म्हणून त्या आधी विचारायला आल्या.

गुणाकार बरोबर आहे. वर्षाचे ८,७६० तास, गुणिले ०.२१, म्हणजे १.८४ मिलिसिव्हर्टच. मर्यादा मात्र चुकीची लावलीय. १ मिलिसिव्हर्टची मर्यादा अणुभट्टीसारख्या माणसाच्या उद्योगांमुळे सामान्य नागरिकाला मिळणाऱ्या जादा मात्रेसाठी आहे. जमीन, आकाश, अन्न, हवा यांतून येणारा नैसर्गिक वाटा त्यात धरतच नाहीत. तो वाटा जगात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्टच्या आसपास आहे. आपल्या शरीरातल्या पोटॅशियमचेच दर सेकंदाला चारेक हजार अणू फुटत असतात. आपल्या पणजीच्या अंगातही ते असेच फुटत होते.

ग्रॅनाइटबद्दलच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. सोलापूर ज्या काळ्या दगडावर वसलंय त्या बेसॉल्टमध्ये युरेनियम, थोरियम ही किरणोत्सारी मूलद्रव्यं फार कमी. ग्रॅनाइटमध्ये ते कित्येक पटींनी जास्त असतं. म्हणून गायगर मीटर (किरणोत्सर्गाचा कण किंवा किरण टिपला की एकदा टिकटिक करणारं यंत्र) घेऊन मावशींच्या स्वयंपाकघरात गेलो. आधी शहाबादी फरशीवर ठेवला आणि एकेका मिनिटाचे टिकटिक मोजले: १७, २४, २१, २९, १९. जागा तीच, मीटर तोच, आणि पडद्यावर कधी ०.११ तर कधी ०.१९. पाऊस सुरू होताना पत्र्यावर थेंब जसे कधी दोन लागोपाठ, कधी थांबून पडतात, तसंच हे. मोठा आकडा दिसला की तेवढ्यात व्हिडिओ काढायचा, एवढंच पुरतं. म्हणून दहा-दहा मिनिटं मोजलं. फरशीवर २१४, ओट्यावर २६३. फरक मिनिटाला पाचेक टिकटिकांचा, म्हणजे तासाला ०.०३ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास, आणि तोही ढोबळच. रोज तीन तास ओट्यापाशी उभं राहिलं तरी वर्षात जेमतेम ०.०३ मिलिसिव्हर्ट वाढतात. विमानात सात-आठ तास बसलं की साधारण तेवढेच मिळतात. गवंडी परत पाठवला.

टॉवरचं तर या मीटरला कळतच नाही. मोबाइलच्या लहरींत अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढण्याइतकी ताकद नसते. टॉवर बंद केला तरी आकडा तोच राहील. उलट स्वस्तातल्या मीटरला खेटून फोन ठेवला तर तो कधीकधी खोटेच टिकटिक मोजतो. मोजताना फोन लांब ठेवा.

कॅन्सरची भीती घालणाऱ्यांनी केरळच्या करुणागापल्लीकडे बघावं. तिथल्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट नावाचं खनिज आहे, त्यात थोरियम. काही ठिकाणी किरणोत्सर्ग आपल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त. सुमारे सत्तर हजार लोकांवर सरासरी दहा वर्षं नजर ठेवून २००९ मध्ये निष्कर्ष छापले गेले. जास्त किरणोत्सर्ग मिळणाऱ्यांत कॅन्सर वाढलेला आढळला नाही. यावरून धोका शून्य ठरत नाही. फार लहान धोका अशा पाहणीत दिसणारही नाही. पण ०.२१ ला ‘कॅन्सर ठरलेला’ म्हणणं हे निखालस खोटं आहे.

मला राग येतो तो मेसेजनं वगळलेल्या गोष्टीचा. जमिनीतून झिरपणारा रेडॉन वायू हे तंबाखूनंतर फुप्फुसाच्या कॅन्सरचं मोठं कारण आहे, आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्याला त्याचा धोका कितीतरी जास्त. हा वायू या मीटरवर कळत नाही, कारण त्यातून निघणारे, चटकन अडणारे अल्फा कण मीटरमधल्या साध्या नळीच्या आत शिरतच नाहीत. त्यासाठी वेगळा डिटेक्टर खोलीत दोन-तीन महिने ठेवावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेची संदर्भ पातळी आहे घनमीटरला १०० बेक्वेरेल, म्हणजे घनमीटर हवेत दर सेकंदाला रेडॉनचे १०० अणू फुटणं. तळमजल्याची खोली एसीसाठी कायम बंद ठेवत असाल तर सकाळ-संध्याकाळ खिडक्या उघडा. त्याला पैसा लागत नाही.

आणि ते पेंडंट. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणानं ‘५जी’पासून वाचवणारी म्हणून विकली जाणारी दहा उत्पादनं तपासून वापरू नका असं सांगितलं. त्यांत पेंडंट होती, लहान मुलांचं ब्रेसलेटही होतं, आणि ती स्वतःच किरणोत्सारी निघाली. ‘निगेटिव्ह आयन’च्या अशा वस्तूंत बऱ्याचदा थोरियमयुक्त खनिजाची पूड असते. ओटा अंगापासून दूर असतो, पेंडंट रात्रंदिवस कातडीला चिकटलेलं. कुणी घेतलं असेल तर आजच गळ्यातून काढा, आणि मुलांच्या हाती तर देऊच नका.