आईचा ताण आणि पोटातलं बाळ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

तुम्ही लिहिलंत की आई आणि बाळाचं रक्त कधी मिसळतच नाही, तेव्हा आईचा ताण बाळापर्यंत पोचतो हे थोतांड आहे. आणि असल्या लेखांमुळे सुनेला बोल लावायला घरच्यांना आणखी एक निमित्त मिळतं. तुमचा दुसरा मुद्दा मला मनापासून पटतो. पहिला मात्र अर्धाच खरा आहे.

रक्त मिसळत नाही, कबूल. पण कॉर्टिसॉल हे ताणाचं मुख्य संप्रेरक मेदात विरघळणारं आहे, पेशींच्या आवरणातून ते सहज पार होतं. त्याला अडवायला वारेत (प्लॅसेंटात) एक खास एन्झाइम, म्हणजे रासायनिक बदल घडवणारं प्रथिन, असतं. ते कॉर्टिसॉलचं निष्क्रिय कॉर्टिसोन करून टाकतं. बहुतेक कॉर्टिसॉल असं निकामी होतं, सगळं नाही. लंडनमधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये आई आणि गर्भ दोघांच्या रक्ताची तपासणी केली. आईच्या रक्तातली पातळी दहापटीहून जास्त होती, पण जिथे आईची जास्त तिथे बाळाचीही जास्त. आईकडे साठाच एवढा मोठा, की त्यातला थोडासा अंशही बाळाच्या हिशेबात भरतो.

हे एन्झाइम किती चोख काम करतं ते प्रसूतिगृहात रोज दिसतं. सातव्या महिन्यात कळा सुरू झाल्या की आईला डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन या कॉर्टिसॉलसारखंच काम करणाऱ्या कृत्रिम स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. ते आईसाठी नसतं, बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून असतं. (लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला १९७२ मध्ये हे दाखवून दिलं, तेव्हापासून किती कमी दिवसांची बाळं वाचली असतील!) हीच औषधं का? कारण वारेतलं एन्झाइम त्यांना फारसं मोडू शकत नाही. उलट, गरोदर बाईलाच दम्यासाठी स्टिरॉइड हवं असेल तर प्रेडनिसोलोन देतात, कारण त्याचा बराचसा भाग वारेतच निकामी होतो.

आणखी एक गोष्ट आपल्या घरातली. ज्येष्ठमधातला ग्लिसरायझिन हा घटक नेमकं हेच एन्झाइम दाबतो. फिनलंडमध्ये ज्येष्ठमधाच्या गोळ्या फार खातात. तिथे ज्या आयांनी गरोदरपणात त्या भरपूर खाल्ल्या, त्यांची मुलं बुद्धीच्या चाचण्यांत सरासरीने मागे दिसली. म्हणून खोकला झाला की सुनेच्या काढ्यात सवयीने ज्येष्ठमध टाकू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

आता दोष देण्याबद्दल. कॅनडात क्वेबेकमध्ये जानेवारी १९९८ मध्ये हिमवादळ आलं, लाखो घरांची वीज गेली, काहींची तर महिनाभराहून जास्त. त्या वेळी गरोदर असलेल्या बायकांच्या मुलांचा पुढे अनेक वर्षं अभ्यास झाला. ज्यांना प्रत्यक्ष हाल जास्त सोसावे लागले, त्यांच्या मुलांच्या भाषेवर आणि आकलनावर परिणाम जास्त दिसला. वीज किती दिवस गेली हे काही बाईच्या स्वभावावर ठरलेलं नव्हतं. म्हणून मला राग येतो तो ‘तू आनंदी राहा, बाळासाठी’ असं सांगून हात झटकणाऱ्यांचा. नऊ महिने भरत आले तरी जी फडात ऊस तोडते, जिला घरात मार बसतो, तिला आनंदी राहायला कुणी कसं सांगू शकतं? काम कमी करा, पोटभर जेवू द्या, झोपू द्या, आणि मारणाऱ्याला आवरा.

तुमच्या बहिणीविषयी : सहाव्या महिन्यात सासरे गेले आणि ती आठवडाभर रडली, म्हणून बाळाला काही झालं असेल का, असं तुम्ही विचारलंत. तिला सांगा, घाबरू नकोस. हे सगळे निष्कर्ष मोठ्या गटांच्या सरासरीचे आहेत, त्यावरून एका बाळाचं भविष्य सांगता येत नाही. खूप ताणातून गेलेल्या आयांचीही बहुतेक मुलं व्यवस्थित वाढतात. शिवाय कॉर्टिसॉल म्हणजे विष नव्हे. गरोदरपणात आईची पातळी एरवीही दोन-तीन पट होते, आणि बाळाच्या फुप्फुसांना शेवटी ते लागतंच. फक्त दोन आठवड्यांहून जास्त झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल, तर पुढच्या तपासणीची वाट न बघता डॉक्टरांना सांगा. नैराश्यावर गरोदरपणातही उपचार होतात.