‘लॅग लावा, कालचा आकडा मिळवा’? जरा थांबा

लिंक्डइनवर आणि डेटावाल्यांच्या ग्रुपांत एक टिप सतत फिरत असते: आजच्या आकड्याशेजारी मागच्या तारखेचा आकडा हवा असेल तर एसक्यूएलमध्ये (डेटाबेसकडून माहिती मागण्याची भाषा) लॅग हे फंक्शन वापरा, पॉवर बीआय या अहवाल बनवण्याच्या साधनात तारखा सरकवणारं डेटअ‍ॅड, कॅलेंडर टेबलच्या (सगळ्या तारखांची वेगळी यादी) भानगडीत पडू नका, एका ओळीत काम होतं. ओळ एकच लागते, हे खरं. बाकी सगळं तपासून घ्यावं असं आहे.

‘लॅग म्हणजे कालचा आकडा.’ लॅगला तारीख कळत नाही. ऑर्डर बायने (क्रम ठरवणारी सूचना) लावलेल्या ओळींतली आधीची ओळ तो उचलतो, बस. सोमवारी बंद असणारं दुकान घ्या. रविवारची विक्री ४०,००० रुपये, मंगळवारची २६,०००. मंगळवारी ‘कालच्या तुलनेत ३५ टक्के घट’ असं झळकतं. काल तर शटर खाली होतं. हे निदान लक्षात तरी येतं. वस्तूनिहाय अहवालात घोळ लपून राहतो. एखादी वस्तू ३ तारखेला विकली गेली आणि मग थेट ९ला, तर ९च्या ओळीत ३चा आकडा येतो. शेजारच्या वस्तूला ८चा. या ‘मागच्या’ आकड्यांची बेरीज कुठल्याच एका दिवसाच्या विक्रीशी जुळत नाही, आणि अकाउंट्सवाले नेमकी तीच मारून बघतात. याहून वाईट म्हणजे काल ५०० नग गेलेली वस्तू आज एकही गेली नाही, तर आजची ओळच तयार होत नाही. ओळ नाही म्हणून घटही नाही. जी घसरण सगळ्यात आधी दिसायला हवी, तीच अहवालातून गायब.

त्यावर इलाज कॅलेंडर टेबलच. १ एप्रिल ते ३१ मार्च, दर तारखेला एक ओळ, एकही तारीख न गाळता. त्याचा दुकान आणि वस्तूंशी क्रॉस जॉइन (दर तारखेला प्रत्येक दुकान आणि वस्तूची जोडी), मग विक्रीशी लेफ्ट जॉइन (विक्री नसली तरी ओळ टिकते). रिकाम्या जागी शून्य, पण बंद दिवशी रिकामंच ठेवायचं. आता पार्टिशन बाय दुकान, वस्तू देऊन (म्हणजे प्रत्येक दुकान-वस्तूची रांग वेगळी) लॅग बिनधास्त लावा. मात्र २०० दुकानं आणि ५,००० वस्तू असतील तर वर्षाच्या ३६.५ कोटी ओळी होतात. तिथे कालच्या ओळींची तारीख एक दिवस पुढे सरकवून आजच्या ओळींशी फुल आउटर जॉइन (दोन्हीकडची एकही ओळ न गाळणारी जोडणी) करणं परवडतं.

नुसता लॅग बरोबर ठरतो तो ‘आधीची नोंद’च हवी असेल तेव्हा. शेअरच्या सोमवारच्या भावाची तुलना शुक्रवारच्या बंद भावाशीच होते.

‘डेटअ‍ॅड सगळं सांभाळतो.’ १२ जुलैला अहवाल उघडा. मॅट्रिक्स तक्त्याच्या ‘जुलै’ ओळीत कॅलेंडरचे ३१ दिवस असतात, त्यामुळे महिना मागे सरकवला की अख्खा जून येतो. बारा दिवसांची तीस दिवसांशी तुलना, आणि लाल बाण. कॅलेंडरमध्ये ‘डेटा आला’ असा खरे-खोटे कॉलम करा: तारीख विक्रीच्या शेवटच्या तारखेइतकी किंवा तिच्या आधीची असेल तर खरे. ही अट कॅल्क्युलेटटेबलमध्ये (अट लावून टेबल देणारं फंक्शन), डेटअ‍ॅडच्या भोवती लावायची, म्हणजे आधी जुलैचे १२ दिवस उरतात आणि मग ते सरकतात. हीच अट बाहेरच्या कॅल्क्युलेटला (शेवटचा आकडा काढणारं फंक्शन) लावली तर ती सरकलेल्या जूनवर चालते, आणि जूनचे तर सगळेच दिवस ‘खरे’. प्रीव्हियसमंथ हे फंक्शन तर मुळातच आधीचा पूर्ण महिना देतो.

‘मागच्या वर्षीची तीच तारीख म्हणजे रास्त तुलना.’ फेब्रुवारी २०२४ २९ दिवसांचा, २०२५चा २८ दिवसांचा. रोजची विक्री तितकीच राहिली तरी सुमारे ३.४ टक्के घट दिसणार. वाराचा फरक टाळायला ३६४ दिवस (पुरे ५२ आठवडे) मागे जाता येतं, सणाला तो उपायही पुरत नाही. गाड्या किंवा सोनं विकणाऱ्यांनी गुढीपाडवा बघावा: २०२३मध्ये २२ मार्च, २०२४मध्ये ९ एप्रिल, २०२५मध्ये ३० मार्च. म्हणजे २०२३-२४ या आर्थिक वर्षात एकही पाडवा नाही आणि २०२४-२५मध्ये दोन! त्या वर्षीच्या वाढीवर बोनस ठरवणाऱ्यांनी हे बघितलं होतं का, देव जाणे. कॅलेंडरमध्ये ‘सण’ आणि ‘सणापासूनचे दिवस’ (उणे १०, शून्य, अधिक ३) असे दोन कॉलम ठेवले की पाडव्याची गाठ पाडव्याशी घालता येते. वर्षाच्या सुरुवातीपासूनची बेरीज देणाऱ्या टोटलवायटीडीला वर्षअखेर ३१ मार्च असल्याचं सांगायला विसरू नका, नाहीतर तो जानेवारीपासून मोजतो.

‘कालचा आकडा एकदा आला की पक्का.’ नोंदी यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, भारताच्या साडेपाच तास मागे) वेळेत साठत असतील तर पहाटे साडेपाचच्या आधीच्या ऑर्डरी आदल्या तारखेत पडतात. तारीख काढण्याआधी साडेपाच तास मिळवा. शिवाय परतावे आणि उशिरा सिंक झालेली बिलं जुन्या तारखेवर चढत राहतात, म्हणून सोमवारी पाहिलेला रविवार गुरुवारी वेगळा दिसतो. साहेबांना ‘तेव्हा काय दिसत होतं’ हवं असेल, तर रोज रात्री आकडा गोठवून वेगळ्या टेबलात ठेवावा लागतो: व्यवहाराची तारीख, आकडा घेतल्याची तारीख, दुकान, रक्कम.