ओठ निळे म्हणजे थंडीच? धुरी करत बसू नका

थंडी पडली की कोल्हापुरातल्या घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो: ‘बाळाचे ओठ निळे पडले तर घाबरू नका, अंगात थंडी शिरलेली असते. ओव्याची धुरी द्या, उकळलेलं पाणी पाजा, सकाळपर्यंत रंग परत येतो. पाठीवर निळे डाग असतील तर थंडी जुनी आहे.’ परवा भाचीनं अठरा दिवसांचं लेकरू मांडीवर घेऊन मला तो वाचून दाखवला. तिचा आवाज कापत होता.

थंडीचं म्हणणं अगदीच खोटं नाही. तान्ह्या बाळाचे तळहात, तळपाय, कधी ओठांभोवतीची कातडी गारठ्यानं निळसर होते. पण खरी खूण तोंडाच्या आत असते. बाळ रडायला लागलं तसं मी त्याला खिडकीपाशी नेलं. जीभ गुलाबी, हिरड्या गुलाबी. निळे होते ते फक्त तळवे. भाचीनं त्याला पदराखाली छातीशी धरलं, थोड्या वेळानं तेही उजळले. सावळ्या बाळाच्या कातडीवर निळेपणा लवकर कळत नाही, म्हणून तिथं तर जीभच बघायची.

जीभ निळी असेल तर रक्ताला ऑक्सिजन कमी पडतोय. न्यूमोनिया असेल, श्वासनलिकेत दूध गेलं असेल, नाहीतर हृदयात जन्मजात दोष असेल. ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’ या दोषात हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असतं आणि फुफ्फुसाकडं जाणारी वाट अरुंद असते. असं बाळ रडताना, दूध पिताना निळं पडतं आणि मग पुन्हा बरं दिसतं. म्हणजे रंग परत आला म्हणून दुखणं गेलं असं होत नाही. अशा बाळाच्या नाकातोंडात धूर घालायचा?

उकळलेल्या पाण्याचा सल्ला तर मला सगळ्यात घातक वाटतो. आपल्याकडं शिरोळ, हातकणंगल्याला उसाच्या रानातल्या विहिरी आहेत. युरियातलं नायट्रेट झिरपून असल्या पाण्यात उतरू शकतं. उकळून जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटतं तसं ते उलट दाट होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं हिमोग्लोबिन त्यानं बिघडतं, ऑक्सिजन पोचवेनासं होतं, रक्त चॉकलेटी दिसतं. अमेरिकेत आयोवातल्या हंटर कॉमली या डॉक्टरांनी 1945 मध्येच विहिरीच्या पाण्याशी याचा संबंध दाखवला होता. भारतात पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमपर्यंतच नायट्रेट चालतं. अंगावर पिणाऱ्या बाळाला सहा महिने वरचं पाणी लागतच नाही. पावडरचं दूध द्यावंच लागत असेल तर विहिरीचं, बोअरचं पाणी आधी तपासून घ्या.

पाठीवरचे, ढुंगणावरचे निळे डाग मात्र जन्मखूण असतात, हळूहळू विरतात.

ओठ किंवा जीभ निळी दिसली, बाळ धापा टाकतंय, कण्हतंय, दूध ओढत नाही, तर सकाळची वाट बघू नका. तडक 108 ला फोन लावा, नाहीतर मिळेल त्या गाडीनं कोल्हापुरातलं सीपीआर हे सरकारी रुग्णालय किंवा जवळचं बालरुग्णालय गाठा. आणि बाळाला फॅलोचा दोष आहे हे आधीच माहीत असेल, तर गाडी येईपर्यंत त्याचे गुडघे दुमडून छातीशी धरून ठेवा.