सिडनीहून सँटियागोला थेट विमान जातं!

'दक्षिण गोलार्धात लांब पल्ल्याची थेट विमानं नसतातच, कारण पृथ्वी गोल नाही' असा एक मेसेज बरेच दिवस फिरतोय. मी दुर्लक्ष करत होतो. पण आठवीतल्या भाचीने तो भूगोलाच्या वहीत चौकट आखून, सुवाच्य अक्षरात उतरवलेला पाहिला आणि डोकंच फिरलं. चार मुद्दे आहेत. पहिला धादांत खोटा, म्हणून आधी त्याचाच समाचार.

मेसेज म्हणतो, ऑस्ट्रेलियातल्या सिडनीहून चिलीतल्या सँटियागोला जायचं तर दुबई नाहीतर लॉस एंजेलिसवरून वळसा घ्यावाच लागतो. साफ खोटं! क्वांटास कंपनीने या मार्गावर २०१२ मध्ये थेट सेवा सुरू केली. उड्डाण क्रमांक क्यूएफ २७. वेळापत्रक कुणीही उघडून पाहावं, प्रवास साधारण साडेबारा तासांचा आहे. गोल पृथ्वीवर या दोन शहरांमधलं कमीत कमी अंतर सुमारे ११,३४० किलोमीटर. भागाकार करा. ताशी ९०० च्या आसपास येतात, आणि आजची प्रवासी विमानं त्याच वेगाने उडतात.

आता मेसेजसोबतचा सपाट नकाशा घ्या. मध्यभागी उत्तर ध्रुव, भोवती अंटार्क्टिकाचं कडं. त्यावर हेच अंतर साडेपंचवीस हजार किलोमीटरच्या वर जातं. साडेबारा तासांत ते कापायचं तर ताशी २,००० किलोमीटरहून जास्त वेग हवा. तसं उडणारं काँकॉर्ड हे प्रवासी विमान २००३ मध्येच बंद झालं. शिवाय त्या नकाशावरची सरळ रेषा चक्क अमेरिकेतल्या टेक्सासवरून जाते! प्रत्यक्षात या विमानातून जवळपास सगळा वेळ समुद्र दिसतो, आणि सर्वांत जवळचा मार्ग दक्षिणेला थेट ६० अंशांच्या पलीकडे उतरतो. पोरांच्या वहीत हे असलं काही शिरण्याआधी एक भागाकार तरी करायचा होता कुणीतरी.

दुसरा मुद्दा, सीटसमोरच्या पडद्यावर विमानाचा मार्ग वाकडा का दिसतो? पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा सरळच असतो. तोच मार्ग सपाट कागदावर उतरवला की वाकतो.

तिसरा, पृथ्वी पूर्वेकडे फिरते तर पश्चिमेला जाणारं विमान लवकर का पोचत नाही? कारण जमिनीबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच उडतं. वेळेत फरक पडतो तो वाऱ्यामुळे. सिडनीहून पश्चिमेला जोहान्सबर्गला जायला सुमारे चौदा तास लागतात, परतीला बाराच्या आसपास. तिथले जोरदार पश्चिमी वारे येताना पाठीशी असतात.

चौथ्यात थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य करावं लागेल. दक्षिण ध्रुवावरून नेहमीची प्रवासी विमानं जात नाहीत, आणि दक्षिणेत थेट मार्गही कमीच आहेत. पण मेसेज म्हणतो तशी त्यात लपवाछपवी कसली? त्या भागात लोकवस्ती कमी, म्हणून प्रवासीही कमी. दोन इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन बंद पडलं, तर ठरावीक वेळेत पोचता येईल असा पर्यायी विमानतळ टप्प्यात ठेवण्याचा नियम आहे. अंटार्क्टिकाच्या मधोमध तो कुठून आणायचा?