अर्ज घेता, मग पोच द्यायला हात का दुखतो?

आज दुपारी आईचा फोन आला आणि तेव्हापासून डोकं तापलंय. जिल्ह्यातल्या एका छोट्या नगरपालिकेत तिनं अर्ज दिला होता. गावाचं नाव लिहीत नाही, कारण हे एका गावाचं दुखणं नाहीच. बाबा गेल्यानंतर घरफाळ्याच्या (म्हणजे घरपट्टीच्या) नोंदीला त्यांच्या जागी तिचं नाव लावायचं, एवढंच काम. आज तिला खिडकीतून सांगितलं, "मावशी, तुमचा अर्ज काय दिसत नाही. दुसरा करून द्या."

अर्ज दिसत नाही! मग गेला कुठं? आणि दिला होता हे तिनं सिद्ध कशानं करायचं? पोच दिलीच नव्हती. तिनं मागितली होती बरं का. तेव्हा उत्तर मिळालं होतं, "पोच कशाला मावशी, आम्ही काय पळून जाणाराय?" तुम्ही नाही पळालात हो, पण अर्ज पळाला की!

माझं म्हणणं अगदी साधं आहे आणि आज ते मी जोरात म्हणणार आहे. सरकारी खिडकीच्या पलीकडून येणारं प्रत्येक उत्तर कागदावर आलं पाहिजे. अर्ज घेतला, तारीख आणि शिक्का मारून पोच द्या. कागद कमी आहेत, कोणते ते लिहून द्या. काम होणार नाही, का होणार नाही ते लिहून सही करा. गटार, दिवाबत्ती, घरफाळा, जन्माचा दाखला, नळजोडणी, रोजचा सगळा कारभार या एका गोष्टीवर अडलाय. पैसे नाहीत म्हणून रस्ता होत नसेल तर ते एक वेळ समजून घेता येतं. पण शिक्का मारायला निधी लागत नाही ना?

आमचे बाबा कागदाचे फार पक्के होते. घरफाळ्याची प्रत्येक पावती वर्षावार लावून, दोऱ्यानं बांधून, वर पुठ्ठ्यावर निळ्या पेनानं साल लिहून ठेवलेली. पाणीपट्टीचा गठ्ठा वेगळा. एकाही वर्षाची थकबाकी नाही. आई तोच गठ्ठा कापडी पिशवीत घालून, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये मृत्यूचा दाखला ठेवून, सकाळी पहिल्या वडाप जीपनं कचेरीत जाते. आयुष्यभर ज्या माणसानं वेळेवर कर भरला आणि प्रत्येक पावती जपली, त्याच्या बायकोला आज त्याच कचेरीतून साधी दोन बोटांची पोच मिळत नाही. हे लिहिताना पण मला राग येतोय.

आधी काय झालं तेही सांगते. पहिल्यांदा तिला सांगितलं, मृत्यूचा दाखला आणि चालू सालाची पावती आणा. नेली. मग म्हणाले, बाकीच्या वारसांची संमती पाहिजे. ठीक आहे, पाहिजेच, ते आम्हालाही पटतं. मी इथं कोल्हापुरात, दादा पुण्यात. दादानं सुट्टी काढून येऊन सही केली. मग ऐकलं की प्रतिज्ञापत्र पाचशेच्या स्टॅम्पवर लागतंय. हे आधीच का नाही सांगितलं? आणि दरवेळी सांगणारा माणूस वेगळा, नाहीतर माणूस तोच आणि यादी वेगळी. ही यादी पहिल्याच दिवशी एका चिठ्ठीवर लिहून दिली असती तर?

त्या स्टॅम्पचंच बघा. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क 2004 सालीच माफ केलंय. 2024 मध्ये शंभराचा स्टॅम्प बंद होऊन पाचशेचा आला, तेव्हा परत सगळीकडं यावर बोललं गेलं. तरीपण माझ्या आईकडं तो मागितला, तो कुठल्या नियमानं? नियम असेल तर दाखवा, आम्ही पाचशे काय हजार भरू. पण तोंडी मागितलं की नियम दाखवावा लागत नाही. हीच तर सगळी मेख आहे. "पाचशेचा स्टॅम्प आणा" हे सही करून लिहून द्यायचं झालं असतं, तर लिहिणाऱ्यानं आधी एकदा परिपत्रक उघडून बघितलं असतं.

आता जे सांगणार आहे ते वाचून तुमचंही डोकं फिरेल. त्या कचेरीच्या गेटबाहेर चहाच्या गाड्यावर एक इसम बसलेला असतो. आईसोबत मी गेले होते तेव्हा तो आपणहून जवळ आला. म्हणाला, "वारस नोंद काय? या बसा." आणि त्यानं पिशवीतून एक लॅमिनेशन केलेला कागद काढला. त्यावर वारस नोंदीला लागणाऱ्या सगळ्या कागदांची यादी, छापील, नंबर घालून! आत खिडकीत जी यादी कुणालाच पाठ नाही, ती बाहेर चहाच्या गाड्यावर लॅमिनेट करून ठेवलेली. त्याचा दर मी इथं लिहीत नाही. आई म्हणाली, "चल गं, आपल्याला नको." आम्ही आलो. पण त्या रांगेत मजुरी बुडवून आलेली जी माणसं होती, ती काय करणार? त्यांना गेटबाहेरचा माणूसच परवडतो, कारण तो निदान एकदाच सांगतो आणि पूर्ण सांगतो.

आणि कायदा नाही असं कुणी म्हणू नका. महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदा 2015 पासून आहे. अर्ज घेतला की पोच द्यायची, त्यावर तारीख, अर्जाचा नंबर आणि काम किती दिवसांत होणार ते लिहायचं, हे त्या कायद्यात आहे. नाकारायचं असेल तर कारण लेखी द्यायचं. कोणती सेवा, किती दिवस, किती फी, कोण अधिकारी, अपील कुणाकडं, हे सगळं कचेरीत बोर्डावर लावायचं. विनाकारण अडवलं तर अधिकाऱ्याला पाचशेपासून पाच हजारांपर्यंत दंड. वारसा हक्कानं मालमत्तेला नाव लावणं ही नगरपालिकांच्या त्या सेवांच्या यादीत चक्क नावानिशी असलेली सेवा आहे.

त्या कचेरीत बोर्ड आहे. मी बघितलाय. लोखंडी कपाटाच्या मागं गेलेला, अर्धाच दिसतो. दिसणाऱ्या अर्ध्या भागात सेवांची नावं आहेत, आणि मुदत व अपिलाचे रकाने कपाटामागं. कुणी मुद्दाम केलं नसेल, कपाट ठेवायला जागा नव्हती म्हणून ठेवलं असेल. पण इतक्या दिवसांत एकालाही ते कपाट हातभर सरकवावं वाटलं नाही.

इथं कोल्हापुरातल्या मित्रांनी "आमच्याकडं तसं नाही" म्हणायच्या आधी जरा थांबा. आपल्या नगरपालिकेची स्थापना 1854 ची, महापालिका झाली 1972 ला. एवढी जुनी संस्था देशात मोजक्या शहरांत असेल. आपण शहरातल्या रस्त्यांवरचा टोल घालवला. म्हातारी माणसं, बायका, तालमीची पोरं, सगळी रस्त्यावर उतरली होती. काळम्मावाडी धरणातून शहरात येणाऱ्या थेट पाईपलाईनसाठी पिढ्यान् पिढ्या भांडलो, शेवटी 2023 च्या दिवाळीत पाणी आलं. मोठ्या प्रश्नाला आख्खं शहर उठतं, याचा मला अभिमान आहे आणि राहणार. पण तोच माणूस खिडकीसमोर एकटा उभा राहिला की गप्प. "उद्या या" म्हटलं की उद्या येतो. टोलनाक्यावर छातीठोक उभा राहिलेला माणूस दाखल्याच्या रांगेत "साहेब, जरा बघा की" म्हणतो, तेव्हा मला पोटात कालवतं.

आणि गेली काही वर्षं विचारायला तरी होतं कोण? आपल्या महापालिकेच्या सभागृहाची मुदत 2020 च्या नोव्हेंबरात संपली. त्यानंतर पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासक. मुदत संपायच्या आत निवडणूक पूर्ण झाली पाहिजे असं राज्यघटनेत लिहिलंय, कलम 243 यू. राज्यघटनेतलं लिहिलेलं पाळलं गेलं नाही, तिथं माझ्या आईच्या पोचेचं काय घेऊन बसलात असं कुणी म्हणेल. मी उलटं म्हणते. वरचं लिहिलेलं पाळलं नाही तरी चालतं हे सगळ्यांनी बघितलं, म्हणून खालच्या खिडकीत लिहून द्यायची गरजच वाटेना. नगरपालिकांमध्येही वर्षानुवर्षं तेच. स्थायी समिती नाही, सर्वसाधारण सभा नाही, प्रश्नोत्तरं नाहीत. सगळे ठराव एका सहीवर. अधिकारी चांगला असेल तर चांगलं, नसेल तर नशीब.

आता 2026 च्या जानेवारीत मतदान झालं, 81 जण निवडून आले. 2015 ला एका प्रभागाला एक नगरसेवक होता, त्याच्या दारात जाऊन भांडता तरी येत होतं. आता एका प्रभागात चार-चार. आमच्या गल्लीतल्या काकूंनी परवा विचारलं, "आता ड्रेनेज तुंबलं तर चौघांपैकी कुणाला फोन लावायचा?" मला उत्तर देता आलं नाही. चौघंही म्हणू शकतात, दुसऱ्यानं बघितलं असेल.

जागा रिकाम्या आहेत, एका क्लार्ककडं तीन-तीन टेबलं आहेत, निवडणुकीचं काम, सर्व्हेचं काम सगळं त्यांच्याच डोक्यावर, हे मान्य. महापुरात, 2019 ला आणि 2021 ला, याच लोकांनी रात्रंदिवस काम केलं, तेही मी डोळ्यांनी बघितलंय. मान्य.

आईशी आज फोनवर मी चिडून बोलले, तर ती मलाच समजावायला लागली. "त्या पोराचं काय चुकलंय गं? कंत्राटी आहे ते. जेवायला पण उठलं नव्हतं दोन वाजेपर्यंत. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी येतो की परत, त्यात काय?" हे ऐकल्यावर माझा राग जरा उतरला, खरंच उतरला. त्या पोरानं तिला बसायला स्वतःची खुर्ची दिली होती. ते मन लावून काम करत असणार. त्याच्या हातात पोचेचं बुक कुणी दिलंच नसेल. शिक्का साहेबांच्या कपाटात, आणि साहेब मीटिंगला. अर्ज हरवला तर शिव्या मात्र खिडकीतल्या त्या पोरानं खायच्या. आवक रजिस्टरला नंबर पडलेला असता तर तोही सुटला असता ना? "मी अमुक तारखेला अमुक टेबलाला पाठवला" असं त्याला छातीवर हात ठेवून सांगता आलं असतं. पोच त्याच्यासुद्धा फायद्याची आहे. ती नको आहे फक्त त्या टेबलांना, जिथं फाईल बसते आणि माणूस येऊन भेटेपर्यंत उठत नाही. त्यांच्याबद्दल मला अजिबात कळवळा नाही.

"सगळं ऑनलाईन झालंय की आता" असं सांगणाऱ्यांनी एकदा माझ्या आईशेजारी बसावं. तिचा मोबाईल बटणांचा आहे. ऑनलाईन चांगलंच आहे, नंबर मिळतो, मेसेज येतो, मी कुठं नाही म्हणते? पण ऑनलाईन भरलेल्या अर्जाची प्रिंट काढून परत त्याच खिडकीत द्यायला लावतात, आणि त्या प्रिंटला पोच नाही. मग उपयोग काय?

आपण ज्यांचं नाव उठता-बसता घेतो त्या शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 ला मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवायचा हुकूम काढला, तो करवीर सरकारच्या गॅझेटात छापून. राजा होते. नुसतं दरबारात तोंडी सांगितलं असतं तरी कुणाची नाही म्हणायची टाप होती? तरी छापला. कारण कागदावर आलं की नाडलेला माणूस ते हातात धरून विचारू शकतो. जयंतीला पुतळ्याला हार घालणाऱ्या सगळ्या पक्षांच्या लोकांना माझी विनंती आहे, एवढं एक घ्या त्यांच्याकडून.

माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये यावेळी निवडून आलेले दोघंतिघं आहेत. नगरपालिकांमधले पण आहेत. तुमच्या विजयाच्या फोटोंवर मी मनापासून अभिनंदन लिहिलंय. आता हक्कानं मागते. पुढच्या सभेत एक ठराव आणा: शिक्का, तारीख आणि आवक नंबर घातल्याशिवाय एकही अर्ज घ्यायचा नाही, आणि त्रुटी असेल तर छापील यादीवर खूण करून त्याच दिवशी हातात द्यायची. निधी लागत नाही, टेंडर लागत नाही, मुंबईची मंजुरी लागत नाही. लॅमिनेट केलेली यादी चहाच्या गाड्यावरून आत खिडकीवर आणा. आणि ते कपाट सरकवा.

सोमवारी मी रजा टाकलीय. आईसोबत जाणार आहे. अर्ज दोन प्रतींत, कागदांची यादी अर्जातच लिहिलेली. पोच दिली नाही तर तिथूनच पोस्टात जाऊन रजिस्टर एडीनं तोच अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे पाठवणार, आणि मुदतीत काम झालं नाही तर पहिलं अपील. आई म्हणते भांडू नकोस. भांडणार नाही, आवाजसुद्धा चढवणार नाही.

ज्यांची अशी कामं अडलीत त्यांच्यासाठी अर्जाचा आणि पहिल्या अपिलाचा नमुना मराठीत टाईप करून ठेवलाय. पाहिजे असेल त्यांनी मेसेज करा, रात्री झोपायच्या आधी सगळ्यांना पाठवते. कुणाच्या आई-वडिलांना टाईप केलेलं जमत नसेल तर रविवारी संध्याकाळी घरी घेऊन या, मी हातानं लिहून देते.